इंजिन ओरडते, पण होडी पुढे जात नाही

यंत्रघर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मूळचा चिपळूणचा, नोकरीनिमित्त गेली बरीच वर्षे अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे राहतो. एका शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये पडून असलेले १९५७ सालचे इव्हिनरूड कंपनीचे ‘फास्टविन’ हे १८ अश्वशक्तीचे आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून अडकवायचे) इंजिन मी तीन वर्षांपूर्वी विकत घेतले. ते १४ फुटी अॅल्युमिनियमच्या होडीला लावून मी मेंडोटा तलावात फिरतो. दोन मोसम त्याने तक्रारीला जागा ठेवली नाही. या उन्हाळ्यापासून मात्र निम्म्या थ्रॉटलपर्यंत होडी नीट चालते आणि हँडल त्यापुढे फिरवले की इंजिनाचा आवाज एकदम चढतो, होडीचे नाक वर उठते आणि पाण्यावर सपाट धावू लागण्याऐवजी ती पुन्हा खाली बसते. हँडल मागे घेतले की सारे पूर्ववत होते. पाण्यात उतरल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे त्रास कमी असतो, नंतर वाढतो. येथील एका दुरुस्तीवाल्याने कार्बोरेटर खोलून साफ केला, प्लग, पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारा स्विच) आणि दोन्ही कॉइल बदलल्या. खर्च झाला, फरक पडला नाही. गेल्या हिवाळ्यात होडीच्या मागच्या फळीचे कुजलेले लाकूड काढून मी नवे प्लायवूड बसवले होते. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत कामाचे शब्द ‘आवाज एकदम चढतो’ हे आहेत, आणि दुरुस्तीवाल्याने नेमके तेच ऐकून घेतलेले दिसत नाही. होडीचा रेटा कमी झाला म्हणजे इंजिनाची ताकद कमी झाली, असे आपण सहज धरून चालतो. परंतु ज्या इंजिनाचा एक सिलिंडर मार खातो आहे किंवा ज्याला पेट्रोल पुरेसे मिळत नाही, त्याचा आवाज भाराखाली बसतो, जड होतो, चढत नाही. आपले इंजिन ओरडते याचा अर्थ त्याच्याकडे ताकद आहे, पण ती पाण्यापर्यंत पोहोचण्याआधी वाटेत कुठेतरी निसटते आहे. तेव्हा कार्बोरेटर आणि कॉइल यांचा विषय तूर्त बाजूला ठेवावा. साठ-पासष्ट वर्षांच्या जुन्या कॉइलींना तडे जातातच, त्यामुळे तो खर्च अगदीच वाया गेला असे मी म्हणणार नाही. फक्त तो या दुखण्यावरचा नव्हता.

ताकद निसटण्याच्या जागा मोजक्या आहेत. एक, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पोटातील रबर. दोन, पंख्याभोवती पाण्याऐवजी हवा येणे. तीन, गिअरकेसमधील (पंख्यालगतच्या गिअरच्या पेटीतील) क्लच सुटणे. पंखा दांड्याला जोडणारी ड्राइव्ह पिन तुटली असती तर होडी कोणत्याच वेगाला धड चालली नसती. आपली होडी निम्म्या थ्रॉटलला नीट चालते, म्हणून पिनेचा विचार सोडून द्यावा.

माझा पहिला संशय रबरावर आहे. त्या काळातील अशा अनेक इंजिनांचा पंखा बाहेरून एकसंध दिसत असला तरी आतून तो दोन तुकड्यांचा असतो: मध्यभागी पितळी बुश, ज्यातून दांडा आणि आडवी पिन जाते, आणि बाहेर तीन पाती असलेले अॅल्युमिनियमचे बोंड. या दोहोंच्या मध्ये रबराचा जाड नळा दाबून बसवलेला असतो. तो गिअर बदलतानाचा धक्का शोषून घेतो आणि पाते खडकावर किंवा ओंडक्यावर आदळले तर थोडा घसरून गिअरचे दात वाचवतो. रबर म्हातारे झाले, कडक पडले किंवा त्याची पकड सुटली, की थोड्या जोराला ते धरून राहते आणि एका मर्यादेपलीकडे घसरू लागते. त्यामुळे अर्ध्या थ्रॉटलपर्यंत सारे ठीक आणि पुढे एकदम बोंब, हे त्याचे ठरलेले लक्षण आहे. घसरले की ते तापते, तापले की पकड आणखी सैल होते. आपल्याला पहिली दहा-पंधरा मिनिटे बरी जातात, त्याचे कारण बहुधा हेच.

याची परीक्षा फुकटात होते. प्रथम दोन्ही प्लगच्या वायरी काढून बाजूला बांधून ठेवाव्यात. पंख्याला हात लावण्यापूर्वी हे केलेच पाहिजे, कारण गिअरमध्ये असलेल्या जुन्या मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी पाडणाऱ्या) इंजिनाला पंखा हाताने फिरवूनही ठिणगी पडू शकते. मग पंख्याच्या टोकाची शंकूसारखी टोपी कॉटर पिन सरळ करून काढावी, आडवी ड्राइव्ह पिन हलकेच ठोकून बाहेर घ्यावी आणि पंखा दांड्यावरून ओढून काढावा. बुश, रबर आणि बोंड हे तिन्ही ज्या बाजूने एकात एक वर्तुळांसारखे दिसतात, त्या बाजूवर तिन्हींना छेदणारी एक सरळ रेघ टोकदार सुईने ओढून तीत नखांना लावायचा रंग भरावा. रंग वाळल्यावर पंखा परत बसवावा, तलावात जाऊन दोन-तीन वेळा हँडल पुरते फिरवून इंजिन ओरडू द्यावे आणि काठाला येऊन पंखा पुन्हा काढून पाहावा. रेघ तुटलेली असेल, म्हणजे बुशवरचा तुकडा एकीकडे आणि बोंडावरचा दुसरीकडे गेलेला असेल, तर निकाल लागला. रेघ सलग असेल, तर रबर निर्दोष आहे आणि मी चुकलो असे समजून पुढचे वाचावे.

आता आपल्या मागच्या फळीविषयी. हा प्रश्न आपण विचारला हे फार बरे केले. आउटबोर्डच्या पायावर, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या खालच्या भागावर, पंख्याच्या लगेच वर, एक आडवी पट्टी असते. तिला सर्रास कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. नाव चुकीचे आहे, पण रूढ झाले आहे. कॅव्हिटेशन म्हणजे पात्याच्या पाठीवर दाब इतका घटणे, की तेथील पाणी थंडच असताना उकळून त्याची वाफ होते. ही पट्टी ते थांबवू शकत नाही. तिचे काम पृष्ठभागावरची हवा पंख्याकडे ओढली जाऊ न देणे एवढेच आहे. होडी सपाट जमिनीवर समतल ठेवून पाहिले असता ही पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत, किंवा फार तर दोन-तीन सेंटिमीटर खाली असावी. त्या काळातील आखूड पायाची इंजिने १५ इंच उंचीच्या मागच्या फळीसाठी आणि लांब पायाची २० इंचांसाठी बनवलेली असत. आपले नवे प्लायवूड जुन्यापेक्षा इंचभर उंच कापले गेले असेल, तर पट्टी तेवढीच वर उचलली गेली असणार आणि नाक वर उठण्याच्या क्षणी पंखा हवा गिळत असणार. प्लाय वर-खाली सारख्या जाडीचे बसले नसेल तरी इंजिनाचा तिरपेपणा बदलतो. तसे असेल तर इंजिन अडकवण्याच्या कंसातील तिरपेपणा ठरवणारी खुंटी एक भोक आत, म्हणजे होडीच्या बाजूस, सरकवून पाहावी.

मग हवा की रबर, हे ओळखायचे कसे? हवा ओढली जात असेल तर त्रास इंजिन सुरू केल्याच्या पहिल्या मिनिटापासून होतो. दहा मिनिटे थांबून येत नाही. तो वळणावर आणि लाटेवर जास्त होतो, आणि मागे पाहिले तर पंख्याच्या वर पांढरा फेस उसळताना दिसतो. एखाद्या मित्राला अगदी मागे बसवले आणि त्रास घटला, तर दोष उंचीचा आहे. आपल्या पत्रात वळणाचा उल्लेख नाही आणि वेळेचा आहे, म्हणून माझे मत रबराकडे झुकते. तरीही फूटपट्टी घेऊन मोजमाप करावेच, कारण दोन्ही दोष एकाच होडीत नांदू शकतात आणि एक दुरुस्त करून दुसरा राहिला, की माणूस आपल्याच निदानावरचा विश्वास गमावून बसतो.

मेंडोटा तलावात उन्हाळ्यात मिलफॉइल नावाचे पाणगवत माजते, हेही विसरू नये. ते पंख्याला गुंडाळले तर इंजिन ओरडत नाही, उलट दमते. परंतु पायाच्या पुढच्या कडेला नुसते लोंबत राहिले, तर त्याच्यामागे पोकळी होऊन पंख्याला हवा मिळू शकते. होडीच्या तळावर नंतर बसवलेला मासे शोधण्याच्या यंत्राचा सेन्सर नेमका पंख्याच्या समोर असला, तरी हेच घडते. या दोन्ही गोष्टी वाकून पाहण्याच्या आहेत.

क्लचविषयी थोडक्यात. या गिअरकेसमध्ये पुढचा आणि मागचा असे दोन गिअर सतत फिरत असतात आणि त्यांच्या मधला दातेरी तुकडा सरकून एकाला किंवा दुसऱ्याला धरतो. त्याच्या दातांच्या कडा झिजून गोल झाल्या, की भार वाढताच तो बाहेर ढकलला जातो. पण तो गुपचूप सुटत नाही. खडखड करत, धक्के देत सुटतो, आणि गिअरचे हँडल हाताला उडी मारल्यासारखे जाणवते. रबर घसरताना असा कोणताच गोंगाट होत नाही, फक्त आवाज गुळगुळीत वर चढतो. हँडलवर हात ठेवून एकदा खात्री करून घ्यावी.

आकड्यांची आवड असल्यास घसरणीचे मोजमापही करता येते. पंख्याच्या बोंडावर बहुधा दोन आकडे कोरलेले असतात: पहिला व्यास, दुसरा पिच. पिच म्हणजे पाण्याऐवजी लोण्यात फिरत असता, तर एका फेऱ्यात पंखा किती पुढे गेला असता ते अंतर. गिअरचे प्रमाण काढण्यासाठी प्लग काढून इंजिन पुढच्या गिअरमध्ये टाकावे, फ्लायव्हील हाताने फिरवावे आणि पंख्याचे फेरे मोजावेत. फ्लायव्हीलच्या सात फेऱ्यांना पंख्याचे चार झाले तर प्रमाण १.७५. समजा पिच १० इंच आहे आणि इंजिन मिनिटाला ४५०० फेरे घेते आहे, तर पंख्याचे फेरे सुमारे २५७०, आणि कागदावरचा वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर. हलक्या होडीचा पंखा चांगला असतानाही पाण्यात १५ ते २० टक्के घसरतोच, म्हणून फोनमधील जीपीएसवर ३१ ते ३३ दिसल्यास काळजी नको. १५ दिसल्यास मात्र निम्म्याहून अधिक फेरे वाया जात आहेत. फेरे मोजण्यासाठी प्लगच्या वायरीवर गुंडाळण्याचा छोटा टॅकोमीटर मिळतो; तो दर फेऱ्याला एक ठिणगी या स्थितीवर लावावा, नाहीतर दुप्पट आकडा दाखवून तो आपल्याला उगाच हुरळून टाकेल. हे गणित घसरण आहे की नाही एवढेच सांगते, ती कुठे आहे हे सांगत नाही. त्यासाठी रेघच हवी.

रबर गेले असल्यास पंखे दुरुस्त करणारी दुकाने जुना नळा दाबून काढून नवा बसवून देतात. बुश आणि बोंड यांच्यामधून आरपार भोक पाडून स्क्रू ठोकण्याचा उपाय आपल्याला कोणीतरी सुचवेलच. काठापर्यंत पोहोचण्यासाठी तो ठीक आहे, त्याहून अधिक काळासाठी नाही, कारण मग धक्का झेलायला फक्त ड्राइव्ह पिन आणि गिअर उरतात. पिनेबाबतही तेच. ती ठरलेल्या मऊ धातूची असते, कारण वेळ आल्यास तिने तुटावे हेच तिचे काम आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात मी उमेदवारी करत असताना एका होडीवाल्याने, सारखी सारखी पिन कोण बदलणार म्हणून, तिच्या जागी ड्रिलच्या पात्याचा तुकडा बसवला होता. ओहोटीला पंखा खडकाला लागला. आम्ही गिअरकेस उघडली तेव्हा ड्रिलचा तुकडा जसाच्या तसा होता आणि तेलातून मात्र गिअरचे दात सुपारीच्या खांडांसारखे वेचून काढावे लागले.

सुटे भाग मिळण्याबाबत निराश होऊ नये. इव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावे ज्या आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनकडे होती, तिने डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि पुढे बॉम्बार्डियरकडे गेलेल्या इव्हिनरूडचे उत्पादनही २०२० मध्ये थांबले. परंतु १९५० च्या दशकातील ही इंजिने इतक्या मोठ्या संख्येने बनली, की पाण्याच्या पंपाचे इंपेलर, कॉइल, सील वगैरे आजही इतर उत्पादक बनवतात. अमेरिकेत अशा इंजिनांच्या हौशी लोकांचा अँटिक आउटबोर्ड मोटर क्लब आहे. त्याच्या मेळाव्यांत जुने पंखे हातात घेऊन पारखता येतात. शिवाय आपण या इंजिनाच्या माहेरीच राहता. ओले इव्हिनरूड या नॉर्वेहून आलेल्या कारागिराने १९०९ मध्ये मिलवॉकीत ही इंजिने विकायला सुरुवात केली. उन्हात वल्ही मारत आइस्क्रीम आणताना ते वितळले आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली, अशी जी गोष्ट सांगतात, तिच्यातला ओकॉची तलाव मॅडिसनहून मिलवॉकीला जाणाऱ्या वाटेवरच आहे.

ज्या वाचकांच्या इंजिनाचा आवाज चढण्याऐवजी बसतो, त्यांच्यासाठी दोन शब्द. इंजिन मध्यम गतीला असताना एकेका प्लगची वायर काढून इंजिनाच्या धातूला टेकवावी. चालू सिलिंडरची वायर निघाली की इंजिन अडखळते, मेलेल्याची निघाली तर काहीच फरक पडत नाही. ही वायर इन्सुलेटेड पकडीने धरावी, हाताने नव्हे. पॉइंटमधील अंतर या इव्हिनरूड-जॉन्सन इंजिनांत ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर ठेवतात. पेट्रोलच्या टाकीपासून इंजिनापर्यंत दोन नळ्या असतील, तर ती दाबाची टाकी आहे. तिच्या झाकणाचे रबर गळू लागले की दाब टिकत नाही आणि पूर्ण वेगावर अर्ध्या मिनिटाने इंजिन उपाशी पडते. त्या क्षणी टाकीवरचे बटण चार वेळा दाबल्यावर इंजिन पुन्हा उभारी धरत असेल, तर झाकण बदलावे, कार्बोरेटरला हात लावू नये.

प्रश्न : गोव्यात शिवोली येथे आमच्या घरी काकांच्या वेळचे ब्रिटिश सीगल आउटबोर्ड आहे. इंजिन सुरू होते, पण शापोरा नदीत नेले असता पंखा मध्येच फिरायचा थांबतो. शिवाय खालच्या गिअरमधील तेल दुधासारखे पांढरे होते. मेकॅनिक म्हणतात, सगळे सील बदलावे लागतील.

उत्तर : या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. इंग्लंडमध्ये पूल येथे बनणाऱ्या या इंजिनात रबरी नळ्याऐवजी पोलादी स्प्रिंग आहे. ती दांड्याभोवती गुंडाळलेली असून एका टोकाने दांड्यात आणि दुसऱ्या टोकाने पंख्याच्या बोंडात अडकते, आणि फिरण्याचा सारा जोर तीच वाहते. तिचे टोक झिजले किंवा मोडले, की ती कधी धरते, कधी सोडते. पंखा काढून स्प्रिंगची दोन्ही टोके आणि ती अडकण्याच्या जागा पाहाव्यात. भोक लांबट झाले असेल तर नुसती नवी स्प्रिंग फार दिवस टिकणार नाही.

पांढऱ्या तेलासाठी सील शोधत बसू नये. सीगलच्या जुन्या गिअरकेसमध्ये पाणी शिरते, आणि ते गृहीत धरूनच तीत एसएई १४० इतके दाट तेल भरतात, जे पाणी मिसळून पांढरे झाले तरी काम करत राहते. दर काही फेऱ्यांनंतर ते बदलावे, एवढेच. खाऱ्या पाण्यातून आणलेले इंजिन मात्र तसेच ठेवून देऊ नये.

इंजिनात पेट्रोल आणि तेलाचे मिश्रण काय घालता, ते आपण लिहिलेले नाही. जुन्या सीगलना दहास एक लागते, पुढच्या काळातील इंजिनांना पंचविसास एक. दहास एकवर वर्षानुवर्षे चाललेल्या इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये काजळीचे थर साचून ताकद घटते. तेव्हा पंखा उघडलाच आहे तर एक्झॉस्टही लाकडी सळईने खरवडून घ्यावा. आणि एक अपेक्षा सोडून द्यावी: सीगलचा मोठा, संथ पंखा जड होडी सावकाश ढकलण्यासाठी आहे. हलक्या होडीला लावला म्हणून ती पाण्यावर उडणार नाही.

प्रश्न : हर्णै बंदरात पंख्याचे मोडलेले पाते वेल्ड करून घेतले. तेव्हापासून मशीन थरथरते आणि ओढत नाही. पंखा दिसायला तर नवा वाटतो.

उत्तर : दिसण्यावर जाऊ नये. काचेच्या तुकड्यावर किंवा सपाट लादीवर पंखा बोंडावर उभा ठेवावा आणि प्रत्येक पात्याच्या पुढच्या व मागच्या कडेची लादीपासूनची उंची एकाच त्रिज्येवर मोजावी. तिन्ही पात्यांचे आकडे जुळले पाहिजेत. वेल्डिंगच्या उष्णतेने एक पाते पाच-सहा मिलिमीटरनेही सपाट झाले, तर त्याचा पिच वेगळा होतो. दोन पाती पाणी ढकलतात, तिसरे घुसळते, आणि थरथर बेअरिंग व सील खाऊ लागते. मागच्या कडेला असलेली बारीक वळी ग्राइंडरने घासली गेली असेल, तरी पाण्यावरची पकड सुटते. आकडे जुळत नसतील, तर पंखा पिच ब्लॉकवर (ठरलेल्या पिचच्या साच्यावर) बसवून सरळ करणाऱ्या कारागिराकडे द्यावा, आणि तोवर मशीन निम्म्या थ्रॉटलच्या वर नेऊ नये.